काचेच्या समुद्रातलं ताट

प्रवाळभित्तीभोवतीचं पाणी इतकं नितळ असतं, की त्यात कुणाच्या पोटाला काही मिळत असेल यावर विश्वास बसत नाही. नायट्रेट आणि फॉस्फेट तिथे नावापुरतं सापडतं. तरीही त्याच पाण्यात मासे, प्रवाळ, कोळंब्या, शिंपले दाटीवाटीने नांदतात. चार्ल्स डार्विनचं प्रवाळभित्तींवरचं पुस्तक 1842 मध्ये आलं, आणि ओसाड पाण्यातली ही समृद्धी पुढे त्याच्याच नावाने ‘डार्विनचा विरोधाभास’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच्या उत्तराचा मोठा भाग पाण्याच्या वाहण्यात आहे. खुल्या समुद्रातले प्लवंग प्रवाहाबरोबर अखंड भित्तीवर येत राहतात आणि हजारो तोंडं ते टिपून घेतात. रात्री खोल पाण्यातले सूक्ष्म जीव वर येतात, तेव्हा प्रवाळांचे स्पर्शक उमलतात. उरलंसुरलं वाहून जातं किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी लागतं.

घरातल्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या मत्स्यपेटीत, हे गणित मोडतं. पंप पाणी फिरवतो, पण बाहेरून काही आणत नाही आणि बाहेर काही नेत नाही. पेटीत येणारा बहुतेक सगळा नायट्रोजन आणि फॉस्फरस आपल्याच चिमटीतून येतो. प्रथिनांच्या वजनात साधारण 16 टक्के नायट्रोजन असतो. अन्न माशाने खाल्लं काय किंवा दगडामागे कुजलं काय, या नायट्रोजनचा बराचसा भाग शेवटी पाण्यात उतरतो. रीफ टँक ठेवणारी मंडळी दिवे, पाण्यातली सेंद्रिय घाण काढणारा स्किमर आणि मीठ यांवर महिनोन्‌महिने खल करतात आणि फ्रोजन फूडचं पाकीट मात्र दुकानदार देईल ते उचलतात. हा क्रम उलटा व्हायला हवा असं मला ठामपणे वाटतं. पेटीतला समुद्र कसा राहील, हे रोज त्यात काय पडतं यावर ठरतं.

गोठवलेलंच का?

जकार्त्याचे ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली ‘नैसर्गिक पद्धत’ जगापुढे मांडली. समुद्राचं पाणी, जिवंत खडक, भरपूर प्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर ते प्रवाळ जगवत. समुद्र हाकेच्या अंतरावर असला, की असं जमतं. बाकीच्यांना समुद्राचं अन्न घरापर्यंत आणायचं, तर फ्रीजरची मदत घ्यावी लागते.

सुक्या दाण्यांना कमी लेखायचं कारण नाही, चांगल्या दाण्यांत पोषण मोजूनमापून घातलेलं असतं. पण नुकताच समुद्रातून आलेला मासा पुष्कळदा दाण्याला अन्न म्हणून ओळखतच नाही. गोठवलेल्या मायसिसला, म्हणजे कोळंबीसारख्या दिसणाऱ्या बारीक जिवाला, डोळे असतात, पाय असतात, आणि प्रवाहात तो गिरक्या घेतो. उपाशी मासा त्याच्यामागे धावतो.

मात्र गोठवल्याने अन्न टिकतं, सुधारत नाही. झटपट गोठवलं तर बर्फाचे स्फटिक बारीक राहतात आणि पेशी शाबूत राहतात. सावकाश गोठवलं तर स्फटिक मोठे होऊन पेशी फाटतात, आणि वितळताना सत्त्व पाण्यात जातं. उणे 20 अंश सेल्सिअसला 7 दिवस ठेवल्यास बहुतेक परजीवी मरतात. कच्च्या खायच्या माशांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा हाच निकष आहे. पण अनेक जिवाणू आणि विषाणू या थंडीत तग धरतात. म्हणून काही कंपन्या गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं अन्न विकतात आणि पाकिटावर तसं छापतात. जास्तीचे पैसे देण्यासारखी ही एक गोष्ट आहे.

थंडीला दाद न देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे थायामिनेज. हे विकर काही माशांच्या आणि शिंपल्यांच्या कच्च्या मांसात असतं आणि ते ब-1 जीवनसत्त्व मोडून टाकतं. शिजवल्याने ते नष्ट होतं, गोठवल्याने होत नाही. लायनफिश किंवा ईलसारख्या शिकारी माशाला वर्षभर एकाच जातीचे मासे घातले, तर तो भरल्या पोटी कुपोषित होऊ शकतो. अन्न आलटूनपालटून द्यावं, हा सल्ला याच कारणाने पाळायचा.

दोन खाऱ्या-गोड्या कहाण्या

दुकानात स्वस्त आणि भरपूर खपणारं पाकीट असतं ते ब्राइन श्रिम्पचं, म्हणजे आर्टेमियाचं. हा जीव अतिखारट पाण्यात वाढतो. अमेरिकेतल्या युटा राज्याच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून त्याची अंडी गोळा होतात आणि जगभरच्या मत्स्यबीज केंद्रांना जातात. आपल्याकडे मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांतही त्याची नोंद झालेली आहे. 1933 मध्ये अल्विन सील यांनी आणि 1939 मध्ये नॉर्वेच्या रोलेफसेन यांनी आर्टेमियाची नुकती उबलेली पिल्लं माशांच्या पिल्लांना खाऊ घालून दाखवली, आणि मत्स्यपालनाची एक मोठी अडचण सुटली.

या कीर्तीत एक मेख आहे. उबल्यापासून पहिल्या काही तासांतलं पिल्लू पोटातल्या बलकामुळे सकस असतं. पूर्ण वाढलेल्या आर्टेमियात मात्र बहुतांशी पाणीच असतं. सागरी माशांना लागणारी ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची मेदाम्लं बहुतेक माशांना स्वतः पुरेशी बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. प्रौढ आर्टेमियात डीएचए जवळपास नसतंच. म्हणून साधा ब्राइन श्रिम्प रुसलेल्या माशाला खायला लावण्यापुरता ठीक. रोजच्यासाठी घ्यायचाच तर गोठवण्याआधी स्पिरुलिना किंवा मेदाम्लं खाऊ घातलेला घ्यावा, आणि तो उल्लेख पाकिटावर शोधावा.

मायसिसची गोष्ट वेगळी आहे. हौशी लोकांत नावाजलेला एक मायसिस मुळात समुद्रातला नाहीच. तो येतो कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ओकानागन सरोवरातून, गोड्या पाण्यातून. कोकनी नावाच्या सामन माशाला खाद्य म्हणून 1966 मध्ये तो तिथे सोडला. झालं उलटंच. मायसिस दिवसा खोल तळाशी दडतो आणि रात्री वर येऊन कोकनीच्या वाट्याचे प्लवंग फस्त करतो. कोकनी घटले. पुढे मायसिसची संख्या आटोक्यात ठेवण्याचा एक मार्ग म्हणून त्याची व्यापारी पकड सुरू झाली, आणि ती मत्स्यपेट्यांच्या बाजारात पोचली. थंड पाण्यातला हा जीव मेदाने आणि डीएचएने समृद्ध असतो. समुद्री माशाला समुद्रातलंच अन्न हवं, हा ढोबळ नियम इथे अपुरा पडतो. अन्न कुठलं आहे याहून त्यात काय आहे, हे बघावं लागतं. ब्लडवर्म याच्या उलट टोकाला. त्या गोड्या पाण्यातल्या माश्यांच्या अळ्या, रीफ टँकचा रोजचा आहार म्हणून त्यांना जागा नाही.

तोंड बघून अन्न

आधी आपल्या पेटीतली तोंडं बघावीत, मग पाकिटं. क्लाऊनफिश मायसिस, बारीक कोळंबी, दाणे असं सगळं खातो. अँथियस हा प्रवाहात तरंगणारे प्लवंग टिपणारा मासा. त्याला दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं बारीक अन्न लागतं. कॅलॅनससारखे कोपेपॉड त्याच्यासाठी उत्तम. उत्तरेकडच्या थंड समुद्रातला हा लालसर जीव मेदाने भरलेला असतो आणि त्यातलं अस्टाझँथिन माशांचा लाल-केशरी रंग टिकवायला मदत करतं. क्रिलमध्येही ते असतं, पण अख्खा क्रिल मोठ्या तोंडांसाठीच.

टँग, म्हणजे सर्जनफिश, हे चरणारे मासे. त्यांना मांसाहारी अन्नाच्या गोठवलेल्या क्यूबवर ठेवणं चूक. स्पिरुलिना आणि समुद्री शेवाळ असलेलं फ्रोजन मिश्रण आणि जोडीला काचेला क्लिपने लावलेलं बिनमिठाचं, बिनमसाल्याचं नोरी शेवाळ, असा त्यांचा आहार हवा. मोठ्या एंजलफिशना स्पंज घातलेलं मिश्रण लागतं. मँडरिन हा देखणा मासा दिवसभर खडकांवरून जिवंत कोपेपॉड वेचत असतो आणि बहुधा फ्रोजनकडे ढुंकूनही बघत नाही. जुन्या, कोपेपॉडने भरलेल्या पेटीखेरीज तो घेऊच नये.

अन्नाचं माप किती निर्णायक असतं, याचा दाखला हवाईत मिळाला. यलो टँगची पिल्लं बंदिस्त पाण्यात वाढवण्यात तिथल्या ओशनिक इन्स्टिट्यूटला 2015 मध्ये यश आलं. नेहमी वापरले जाणारे रोटिफर हे सूक्ष्म जीव त्या इवल्या तोंडांना चालत नव्हते. अतिसूक्ष्म कोपेपॉडची पिल्लं पुरवल्यावर वाट मोकळी झाली.

प्रवाळांचं तोंड याहून निराळं. त्यांच्या ऊतींतली एकपेशीय शैवालं प्रकाशातून साखर बनवून देतात आणि ऊर्जेची बरीचशी गरज भागवतात, पण शरीर बांधायला नायट्रोजन आणि फॉस्फरस पकडलेल्या भक्ष्यातून आणि पाण्यातून यावा लागतो. साधारण 50 मायक्रॉनची ऑयस्टरची अंडी, 100 ते 300 मायक्रॉनचे रोटिफर, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरची आर्टेमियाची पिल्लं, त्यापुढे मायसिसचे तुकडे, अशी ही चढती शिडी. मोठ्या तोंडाच्या प्रवाळाला मायसिस चालतो, बारीक पॉलिपांना अंडी आणि रोटिफरच लागतात.

इथे कायद्याची आठवण ठेवायलाच हवी. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ, गॉर्गोनियन आणि समुद्रघोडे संरक्षित आहेत. मालवणच्या पाण्यातून प्रवाळाचा तुकडा तोडून आणणं हा गुन्हा आहे. पेटीतला प्रत्येक जीव कागदपत्रं बघूनच घ्यावा, आणि जमेल तिथे बंदिस्त पैदाशीचा घ्यावा. असे मासे फ्रोजन अन्नाला सहसा लवकर सरावतात.

एक क्यूब वितळवून बघा

नवीन पाकीट आणलं की एक क्यूब काचेच्या छोट्या ग्लासात, पेटीच्याच पाण्यात सोडावा आणि मागून टॉर्च धरावा. चांगल्या मायसिसचे काळे डोळे जोडीने दिसतात, अंग अर्धपारदर्शक असतं, शेपटी जागेवर असते, पाणी जरासंच गढूळ होतं. वाईट क्यूबचा पाच मिनिटांत लगदा होतो. सुटे डोळे, तुटकी डोकी, तपकिरी पाणी आणि तळाशी पिठासारखा गाळ. नंतर बारीक जाळीतून गाळून उरलेलं मांस वजन करावं आणि दोन कंपन्यांची तुलना करावी. क्यूबमध्ये आपण किती बर्फ विकत घेतो, हे तेव्हा कळतं. खरा भाव छापील वजनाचा नसून या मांसाचा असतो.

पाकीट घेताना आत सुटा बर्फ जमलाय का, क्यूब एका बाजूला घरंगळून चिकटलेत का, कडा पांढुरक्या पडल्यात का, हे बघावं. ही वितळून पुन्हा गोठल्याची किंवा जुनं झाल्याची लक्षणं. लोडशेडिंगच्या गावात ही तपासणी अधिकच गरजेची. घरीही पाकीट फ्रीजरच्या दारापाशी न ठेवता आत तळाशी ठेवावं आणि काही महिन्यांत संपवावं, कारण मेद थंडीतही हळूहळू खवट होतो.

कोळणीच्या पाटीतून

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एक सोय आहे. डोल जाळ्यात येणारा ताजा जवळा ही इवली समुद्री कोळंबी, सालासकट अख्खी गिळता येणारी. करंदी, माकुल, तिसऱ्याही अशाच ताज्या मिळतात. सकाळी ताजं घ्यावं, आरओच्या पाण्यात चटकन धुवावं, पिशवीत पातळ थर पसरून गोठवावं, म्हणजे लवकर गोठतं आणि हवा तेवढाच तुकडा मोडता येतो. जवळा फार लवकर नासतो. डोकी काळवंडलेला घेऊच नये. निदान दोन आठवडे फ्रीजरमध्ये राहिल्याशिवाय तो पेटीत टाकू नये. विषाणूंचा धोका त्यानेही पूर्ण जात नाही, म्हणून महागड्या कोळंब्या पाळणाऱ्यांनी निर्जंतुक पाकीटच वापरलेलं बरं. कॉपरबँड बटरफ्लायसारखा लांब चोचीचा, खाण्याबाबत हट्टी मासा अर्ध्या उघडलेल्या तिसरीत चोच घालून मांस ओढतो. दाण्याला न बधणारा मासा पुष्कळदा इथे बधतो.

सुपरमार्केटमधली सोललेली गोठवलेली कोळंबी घेताना घटक वाचावेत. पाणी धरून ठेवण्यासाठी तिला अनेकदा सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटमध्ये बुडवलेलं असतं. ते फॉस्फेट मग आपल्या पेटीत उतरतं.

ताट वाढताना

क्यूब गरम पाण्यात वितळवू नये आणि वितळलेलं पुन्हा गोठवू नये. वितळलेलं पाणी गाळून टाकावं का, यावर हौशी लोकांत कायम वाद असतो. गाळल्याने थोडं फॉस्फेट जातं, पण बहुतांश फॉस्फरस मांसातच असतो, त्यामुळे गाळणी ही अति खाऊ घालण्यावरचा उतारा नाही. फॉस्फेट आधीच चढलेल्या पेटीत गाळावं. प्रवाळांनी भरलेल्या आणि पोषण कमी असलेल्या पेटीत तेच पाणी त्यांच्या कामी येतं. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणण्याचा अट्टहासही नको. अशा पाण्यात प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचा चिकट थर माजू शकतो.

खाऊ घालताना रिटर्न पंप आणि स्किमर दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवावेत. पिपेटने आधी माशांना एका कोपऱ्यात गुंतवावं, मग दिवे मंदावल्यावर प्रवाळाच्या मुखाजवळ अलगद अन्न सोडावं. स्पर्शक वाकतात, तुकडा चिकटतो आणि सावकाश मुखाकडे सरकतो. काही जातींना गिळायला बराच वेळ लागतो, तोवर कोळंबी तो घास पळवणार नाही यावर लक्ष ठेवावं. मिनिट-दोन मिनिटांत मासे जेवढं संपवतील तेवढंच एका वेळी घालावं, आणि वेळा वाढवाव्यात.

एकच आदर्श पाकीट शोधत बसण्यात अर्थ नाही. माझा सल्ला सरळ आहे. मायसिस हा पाया, जोडीला कोपेपॉडसारखं बारीक आणि मेदयुक्त काहीतरी, चरणाऱ्या माशांसाठी शेवाळ, प्रवाळांसाठी आठवड्यातून एक-दोनदा रोटिफर किंवा ऑयस्टरची अंडी, आणि अधूनमधून बाजारातून ताजा आणून गोठवलेला जवळा वा तिसरी. दर महिन्याला नायट्रेट आणि फॉस्फेट मोजून वहीत लिहावं आणि त्याच ओळीत त्या महिन्यात काय खाऊ घातलं तेही लिहावं. पुढचं पाकीट घ्यायच्या आधी ती वही उघडावी. कुठल्याही जाहिरातीपेक्षा तिचा सल्ला आपल्या पेटीला जास्त लागू पडतो.