माळ पोटखराब नसतो

सातबारा उताऱ्यावर ‘पोटखराब’ अशी एक नोंद असते. ज्या जमिनीत नांगर चालत नाही, ती तिथे जाते. शब्द महसूल खात्याचा आहे. त्या खात्याला जमिनीतून पीक आणि पिकातून शेतसारा हवा, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. दोष आपला. येवल्याच्या पुढे राजापूर-ममदापूरकडचा माळ पाहून आपणही मनातल्या मनात तीच नोंद करतो: पडीक, उजाड, इथे काही नाही. मग पहिल्या पावसानंतर कुणीतरी खड्डे घेतं, रोपं लावतं, फोटो काढतं. आणि जिथे काही नव्हतं म्हणतात, तिथे हळूहळू खरंच काही उरत नाही.

नाशिक जिल्ह्यात पावसाची तऱ्हा अशी की, इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि सव्वाशे किलोमीटर पूर्वेला मालेगाव-येवल्याकडे पाचशे-सहाशेवर वर्ष काढावं लागतं. त्यामुळे पेठ, सुरगाणा, हरसूलकडे साग, ऐन, धावडा, खैर यांचं पानझडी जंगल आहे. सिन्नर, येवला, नांदगावकडे मधूनमधून बोरी-बाभळी आणि हिवर असलेला गवताळ माळ. शास्त्रज्ञ दुसऱ्याला सव्हाना म्हणतात. या दोन्हींबद्दल आपल्या डोक्यात जे घट्ट बसलं आहे, त्यातलं बरंच चुकीचं आहे.

‘पूर्वी इथे घनदाट जंगल होतं’

नाशिककराला हे पटवून द्यावं लागत नाही. पंचवटी, तपोवन, दंडकारण्य ही नावं लहानपणापासून कानावर असतात. अरण्य म्हटलं की डोळ्यांपुढे किर्र झाडी येते, आणि आज ती दिसत नाही म्हणजे आपणच कुऱ्हाड चालवली असणार. पश्चिमेकडच्या डोंगरांबाबत यात तथ्य आहे. तिथली तोड खरी आहे. पूर्वेकडच्या माळांबाबत मात्र पुरावा दुसऱ्या बाजूला झुकतो.

आधी शब्दच घ्या. ‘जंगल’ आला संस्कृत ‘जांगल’वरून. आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा, वाऱ्या-उन्हाचा मुलूख. ओल्या, दाट, पाणथळ मुलखाला आनूप म्हणत. चरकसंहितेत जांगल देशातली झाडं दिली आहेत, त्यांत खदिर, धव, तिनिश, शल्लकी, बदरी, तिंदुक आहेत. म्हणजे आपले खैर, धावडा, तिवस, सालई, बोर, टेंभुर्णी. नाशिकच्या कुठल्याही वनरक्षकाला ही नावं ओळखीची वाटतील. काळवीट जिथे आपसूक वावरतो ती भूमी यज्ञाला योग्य, असं मनुस्मृतीही सांगते, आणि काळवीट काही दाट झाडीत राहत नाही. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने जांगल-आनूप ही जोडी सविस्तर उलगडून दाखवली आहे. शब्दाचा अर्थ पुढे पार उलटा झाला, आणि आता आपण मूळच्या ‘जंगला’त जंगल नाही म्हणून हळहळतो.

पुरावा नुसता पोथ्यांतला नाही. नांदगावला लागून असलेल्या चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचं मिळाली, त्यांतल्या एकावर माणसाने कोरलेली नक्षी आहे. वय साधारण २५ हजार वर्षं. शहामृग हा उघड्या मैदानात धावणारा पक्षी. शेती यायच्या कितीतरी आधी, कुऱ्हाडीने रान साफ करायला कुणी नव्हतं तेव्हा, तो इथे होता.

आणि अगदी आपल्या भाषेतली साक्ष हवी असेल तर आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात ती मांडली आहे. तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय, ओव्या, लोककथा चाळून त्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या रानवनस्पतींचे उल्लेख गोळा केले. ४४ जाती निघाल्या, त्यांतल्या जवळजवळ दोनतृतीयांश सव्हानाच्या. साडेसातशे वर्षांपूर्वीही तिथे बोरी-बाभळीच होत्या. मला या अभ्यासाचं विशेष अप्रूप वाटतं, कारण ज्या ओव्या आपण भक्तीसाठी वाचतो, त्यांत कुणीतरी झाडं मोजली.

‘झाडं नाहीत म्हणजे काही नाही’

ही समजूत सर्वांत महाग पडली आहे, कारण ती सरकारी व्याख्यांमध्येही शिरली. भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टर किंवा अधिक जागेवर झाडांच्या शेंड्यांची सावली दहा टक्के भरली की ती जागा वनाच्छादनात धरतं. आमराई त्यात बसते, काळविटांचा माळ बसत नाही. दुसरीकडे देशाच्या पडीक जमिनींचे जे नकाशे निघतात, त्यांत गवताळ माळांचे मोठाले तुकडे सापडतात. २०१९ मध्ये महाराष्ट्राने ३३ कोटी रोपांची मोहीम काढली. एवढे खड्डे घ्यायला जागा कुठे मिळते? शेतात नाही, गावठाणात नाही. मोकळ्या दिसणाऱ्या जमिनीकडेच नजर जाते.

त्या जमिनीत काय असतं ते खाली वाकून बघावं लागतं. मारवेल, पवन्या, कुसळी, डोंगरी गवत. त्यांच्यात धाविक, पखुर्डी, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, हिवाळ्यात भोवत्या येतात, लांडगा आणि खोकड बिळं करतात. भारतीय सव्हानांपुरत्याच मर्यादित अशा दोनशेहून अधिक प्रदेशनिष्ठ वनस्पतींची मोजदाद झाली आहे. त्यांतल्या कित्येकांची नोंद अलीकडच्या काही दशकांतली. कार्बनचा प्रश्न असेल तर माळाचा बहुतेक साठा जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. तो वणव्यात जात नाही.

अशा माळावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की सावली पडते. सावलीत मारवेल टिकत नाही. काळविटाचा तर सगळा भरवसा लांबवर दिसण्यावर आणि वेगावर. झाडीत तो दोन्ही गमावतो. आणि रोपं लावण्याआधी जे सलग समतल चर जेसीबीने खोदतात, त्यात वीतभर मातीखालचा मुरूम वर येतो आणि शेकडो वर्षं जमलेलं गवताचं जाळं उलथून पडतं. पाणी अडवण्याचा हेतू चांगला आहे. पण माळाच्या पातळ मातीवर पाणी धरून ठेवणारं काही असेल तर ते हेच जाळं असतं.

झाडं लावल्याने पाऊस येईल, ही आशाही येवल्यात फारशी कामाची नाही. तिथे पाऊस कमी आहे तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे.

‘सागाचं रान उन्हाळ्यात मरून जातं’

मार्चमध्ये पेठ रस्त्याने गेलेला पाहुणा हमखास हे बोलतो. पान टाकणं ही सागाची पाणी वाचवायची रीत आहे. त्याच दिवसांत पळस, पांगारा, काटेसावर निष्पर्ण अंगावर फुलतात, मोह गळतो. रान सगळ्यांत गजबजलेलं तेव्हाच असतं. या वाळक्या दिसणाऱ्या रानाची किंमत कळायला रानपिंगळ्याची गोष्ट पुरे. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता, तो नामशेष झाला असंच सगळे धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना तो शहाद्याजवळ दिसला. ११३ वर्षांनी, आणि तोही सातपुड्याच्या पायथ्याच्या कोरड्या, उघड्या रानात.

‘गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं’

इथे दोन्ही बाजूंना अर्धसत्य आहे, म्हणून जरा जपून. गवताचा कोंब मातीलगत असतो, त्यामुळे वरचं वाळलेलं जळालं तरी पावसात ते फुटतं. माळावरच्या बऱ्याच झाडांची जाड साल, जमिनीत दडलेली मुळं हीदेखील आगीच्या सहवासात घडली आहेत. म्हणून वणवा दिसला की सव्हाना मेली, असं नाही. पण दरवर्षी, त्याच टेकडीला, मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात काडी लावणं ही वेगळी गोष्ट. त्यात रोपं कधी गुडघ्याच्या वर जात नाहीत, जमिनीवरची घरटी जळतात, आणि उघडी पडलेली माती जूनच्या पहिल्या सरीत ओढ्याला लागते. नवं गवत जोमाचं वाटतं ते बरंचसं काळ्या राखेवर हिरवं उठून दिसतं म्हणून.

बोरगडावर याच्या उलट, रान राखून पाहिलं आहे. नाशिकच्या उत्तरेला असलेला हा डोंगर २००८ साली राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झाला. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर. नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिक, वनविभाग आणि पायथ्याची गावं यांनी मिळून तो सांभाळला. पानझडी रानात असं राखणं फळतं, कारण तोडलेल्या खुंटांना आणि मातीतल्या मुळांना फुटवे यायला फक्त उसंत हवी असते. पण बोरगडचा धडा उचलून राजापूरच्या माळावर ठेवला तर फसेल, कारण गवताचं गणित वेगळं आहे.

‘मेंढरं शिरली की माळ संपला’

कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे दोन शब्द आपल्या आदर्श गाव योजनांमुळे जोडीनेच पाठ झाले. कुऱ्हाडबंदी ठीक. चराई मात्र कायमची बंद केली तर माळ सुधारत नाही. न खाल्लेलं गवत वाळून आडवं पडतं, त्याखाली नवा कोंब गुदमरतो, झुडपं वर येतात. हजारो वर्षं या गवताला कुणीतरी खातच आलं आहे, आधी हरणं, मग गुरं-मेंढ्या.

अतिचराई खरी आहे, आणि ती ओळखण्याची खूण धनगर न विचारता सांगेल: मारवेल आणि पवन्या जातात, कुसळी माजते, तिची कुसळं लोकरीत रुततात. उपायही साधाच. माळाचे भाग करून पाळीपाळीने चारायचं, पावसाळ्यात एका भागाला पूर्ण विसावा द्यायचा, आणि कापणी दिवाळीनंतर, बी गळून पडल्यावर. गवताची नवी रोपं त्या बियांतून येतात.

येवल्याजवळचं ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं आहे, तेही काळविटांसाठी. तिथली खरी अडचण झाडांची नाही. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात कळप शेतांकडे उतरतात, कुत्री मागे लागतात, आणि कठडा नसलेल्या विहिरीत काळवीट पडतो. त्या विहिरींना कठडे हवेत, माळावर दोन-चार ठिकाणी पाणवठे भरलेले हवेत, आणि गावाने कापणीची तारीख पाळायला हवी. यातल्या एकाही कामाला खड्डा घ्यावा लागत नाही.