कोडच्या पोटातली माहिती

प्रोग्रॅम एका फाइलमध्ये आणि तो वापरायची माहिती भलतीकडे, अशी फारकत झाली की दोघांचा मेळ लवकरच सुटतो. कोड बदलत राहतो, माहिती जुनीच राहते. पर्ल भाषेनं यावर सरळ तोडगा काढला: माहिती कोडच्याच फाइलमध्ये लिहा. १९९४ साली आलेल्या पर्ल ५ मधली ही सोय म्हणजे पॉड.

ओळीच्या अगदी सुरुवातीला बरोबरचं चिन्ह आणि त्याला चिकटून ‘पॉड’ लिहिलं, की मजकूर सुरू. तसंच चिन्ह लावून ‘कट’ लिहिलेली ओळ येईपर्यंत पर्ल सगळं ओलांडून जातं. ‘पर्लडॉक’ ही आज्ञा नेमकं उलट करते: तीच फाइल उघडून कोड वगळते आणि मजकूर नीट मांडून दाखवते. मात्र चिन्हाआधी एक जरी मोकळी जागा सुटली, तरी पर्ल त्या ओळीला कोडच समजतं.

खरी कसोटी एडिटरची. कोडला रंग देताना विम हा एडिटर प्रोग्रॅम चालवत नाही, अक्षरांचे ठरावीक साचे ओळखतो. वेग राखण्यासाठी बहुधा पडद्याच्या थोडं वरूनच वाचायला लागतो. मजकूर लांबलचक असेल तर त्याची सुरुवात नजरेतून सुटू शकते. मग इंग्रजी वाक्यातलं साधं अवतरणचिन्हही त्याला कोडमधलं वाटतं आणि पुढच्या ओळी चुकीच्या रंगात न्हातात. ‘सिंटॅक्स सिंक फ्रॉमस्टार्ट’ ही आज्ञा दिली, की तो फाइल पहिल्या ओळीपासून तपासतो. मोठ्या फाइलमध्ये वेग थोडा मंदावतो, पण माझ्या मते तेवढं सोसावं.