सिमेंटची गोष्ट, भाग 6 : लोखंडाच्या भट्टीतून सिमेंटच्या पोत्यात

सिमेंटचं पोतं घेताना आपण ब्रँड बघतो, भाव करतो, फार तर माल किती ताजा आहे ते विचारतो. पोत्यावरचा आयएस क्रमांक क्वचितच कुणी वाचतं. तिथे ‘आयएस 455’ छापलेलं असेल, तर ते स्लॅग सिमेंट. त्यातला 25 ते 70 टक्के भाग लोखंडाच्या कारखान्यातून आलेला असतो.

मागच्या भागात आपण क्लिंकरची, म्हणजे दळून सिमेंट होणाऱ्या भाजलेल्या गोळ्यांची, भट्टी पाहिली. शुद्ध चुनखडी भाजली की 100 किलोमागे 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. जळणाचा धूर वेगळाच. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी दगडातला हा वायू निघणारच. म्हणून क्लिंकरच कमी लागेल असं काहीतरी पोत्यात घालायला हवं.

लोखंडाच्या झोतभट्टीत खनिज, कोक आणि चुनखडी एकत्र जातात. दीड हजार अंशांच्या आसपास वितळलेलं लोखंड तळाशी बसतं आणि खनिजातली माती चुन्याशी मिळून वर तरंगते. हा स्लॅग. त्यात चुना, सिलिका, अ‍ॅल्युमिना असतं, म्हणजे सिमेंटचेच घटक.

पण तो निवतो कसा, यावर सगळं ठरतं. सावकाश निवू दिला तर त्याचा दगड होतो. तो खडी म्हणून चालतो, सिमेंटमध्ये नाही. तापलेल्या धारेवर पाण्याचा जोरदार मारा केला, तर स्फटिक बनायला वेळच मिळत नाही आणि वाळूसारखे काचमय दाणे पडतात. ते वाळवून बारीक दळले की झालं. जर्मनीत एमिल लांगेन यांनी 1862 मध्ये या दाण्यांचा चुन्याबरोबर घट्ट होण्याचा गुण ओळखला. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात डोलवीला पोलाद कारखान्याजवळच स्लॅग सिमेंट तयार होतं.

पोलाद करताना निघणारा स्लॅग मात्र निराळा. त्यात मोकळा चुना राहतो आणि पाणी लागलं की तो फुगतो. प्रक्रिया करून तो रस्त्यात वापरतात. सुरतजवळ हजिऱ्याला 2022 मध्ये तसा रस्ता झाला. तेव्हा ‘स्लॅगची पूड स्वस्तात देतो, सिमेंटमध्ये मिसळा’ असं कुणी म्हणालं, तर घराच्या कामाला ती अजिबात घेऊ नका.

झोतभट्टीच्या स्लॅगची पूड नुसत्या पाण्यात फारशी जमत नाही. क्लिंकर पाण्यात भिजला की चुना सुटतो आणि तो चुना स्लॅगला कामाला लावतो. म्हणून सुरुवातीला काँक्रीट मंद, पण पुढे कित्येक आठवडे बळ भरतच राहतं. त्याची छिद्रं बारीक होतात, सळईपर्यंत पाणी आणि क्षार सहजी पोचत नाहीत. फळ्या काढल्यावर कधी कधी निळसर-हिरवी झाक दिसते. ती गंधकामुळे येते आणि हवा लागली की जाते. गवंड्याशी भांडू नका.

आता आपल्या कनेरगाव नाक्याकडचा पाण्याचा प्रश्न. आपल्या भागात स्लॅब टाकल्या जातात त्या बहुधा पावसाळ्याच्या आधी, नेमक्या पाण्याची ओढ असताना. चार दिवस पाणी मारलं, पुढे टँकर परवडला नाही, की हे सिमेंट अर्ध्यावर थांबतं. दोष मग सिमेंटला लागतो. आयएस 456 प्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओल लागते, स्लॅगसारख्या मिश्र सिमेंटला किमान 10 आणि शक्यतो 14. कडक, कोरड्या हवेत साध्या सिमेंटलासुद्धा 10 दिवस लागतात. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमना ओलं बारदान गुंडाळा आणि वरून प्लास्टिक बांधा. त्यात पाणी कमी लागतं.

माझं स्पष्ट मत असं : पाण्याची सोय असेल तर पायापासून स्लॅबपर्यंत स्लॅग सिमेंट बिनधास्त वापरा, मात्र सेंट्रिंग खोलायची घाई करू नका. मे महिन्यात चौदा दिवसांचं पाणी हाताशी नसेल, तर स्लॅब दिवाळीनंतर, विहिरीला पाणी असताना टाका.

पुढच्या आठवड्यात : वीजकेंद्राची राख आणि ‘आयएस 1489’.