वावरातला साहेबी फोन

नोकियाचा ई-७२ हातात घेतला की पहिल्यांदा त्याचा गारवा जाणवतो. मागचं झाकण धातूचं, जाडी जेमतेम एक सेंटिमीटर, वजन १२८ ग्रॅम. वरच्या अर्ध्या भागात २.३६ इंचांचा आडवा पडदा आणि खालच्या अर्ध्या भागात संगणकासारखा पुरा कीबोर्ड. कळा ज्वारीच्या दाण्यांपेक्षा थोड्या मोठ्या असतील, पण प्रत्येक कळ मधोमध किंचित फुगीर केलेली. त्यामुळे अंगठा शेजारच्या कळेवर सरकला की न बघताही कळतं. जून २००९ मध्ये कंपनीने हा फोन जाहीर केला तो कचेरीतल्या माणसासाठी. त्याची मेल, त्याच्या बैठका, परक्या शहरातले त्याचे रस्ते, सगळ्यांची सोय त्यात केलेली होती. किंमत वीस हजारांच्या वर. असोद्यात बैठका भरतात त्या पारावर आणि सोसायटीत, पण फोन इथेही आला.

येणारच होता. असोदा जळगावच्या इतकं जवळ आहे की अर्धं गाव सकाळी शहरात आणि संध्याकाळी वावरात असतं. वकिलाच्या हाताखालचा कारकून, विम्याचा एजंट, ठिबकच्या विक्रेत्याकडे कामाला असलेला पोरगा, कापसाचा आणि केळीचा हिशेब ठेवणारा दलाल, हे सगळे गावाकडून शेतकरी आणि शहराकडून ‘साहेब’. अशा दुहेरी माणसाला हा फोन बरोबर बसला. गंमत म्हणजे ई-७२ आणि त्याच्या आधीच्या ई-७१ मध्ये मुख्य पडदाच दोन तऱ्हांचा ठेवता यायचा. एक कामाचा, एक घरचा, आणि एका कळीने अदलाबदल. हेलसिंकीजवळ बसून आखणाऱ्यांच्या मनात ‘घर’ म्हणजे सुट्टीचा दिवस असावा. इकडे घर म्हणजेही कामच.

कीबोर्डाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण फोनचा जीव तिथेच होता. आकड्यांसाठी वेगळी ओळ नव्हती. इंग्रजी ‘आर, टी, वाय’वर १, २, ३, त्याखाली ‘एफ, जी, एच’वर ४, ५, ६, मग ‘व्ही, बी, एन’वर ७, ८, ९ आणि ‘एम’वर शून्य, अशी जुन्या टेलिफोनची चौकट अक्षरांच्या मधोमध रोवलेली. नंबर फिरवताना फोन आपोआप आकडे घ्यायचा, मजकुरात आकडा हवा तर कोपऱ्यातली कळ दाबायची. गाडीचा नंबर, क्विंटलचा भाव, कापलेली तूट असला अक्षरं-आकडे मिसळलेला निरोप साध्या फोनवर लिहायचा म्हणजे एकाच कळीवर तीन-चारदा टिचक्या मारायच्या. इथे तोच निरोप चहा निवायच्या आत जायचा. मधली चौकोनी कळ मात्र मला कधी पटली नाही. तिच्यावर बोट नुसतं फिरवलं की निवड सरकायची, कारण आत प्रकाशावर चालणारा संवेदक होता. घामट अंगठ्याने ती भलतीकडेच पळायची. शहाणी माणसं सेटिंगमध्ये जाऊन ते फिरवणं बंद करून टाकत.

कळांवर देवनागरी नव्हती. त्यामुळे मराठी लिहायची ती रोमन अक्षरांत, आणि ते काम बहुतेक घरांत पोरांकडे. आजोबा खाटेवरून मजकूर सांगणार, नातू अंगठ्यांनी उतरवणार. असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. अक्षरओळख नसलेल्या या बाईंची गाणी इतरांनी कागदावर उतरवून घेतली आणि त्यांच्या पश्चात १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा, या व्यवस्थेचं इथे कुणाला काही वाटत नाही.

मेलचं थोडक्यात आटोपतो. ज्या गोष्टीचा कंपनीने सगळ्यात जास्त गवगवा केला, ती असोद्यात सगळ्यात कमी चालली. युक्ती चांगली होती. फोनने दर थोड्या वेळाने पेटी उघडून बघण्याऐवजी सर्व्हरच नवी मेल फोनकडे ढकलायचा. ब्लॅकबेरीने हीच सोय विकून नाव कमावलं होतं. २०१० मध्ये तिच्या कुलूपबंद मेल आणि संदेशांवरून भारत सरकारने त्या कंपनीला मुदत घातली, ती बातमी पेपरात रोज होती. पण मेल ढकलायला वाट लागते. त्या वर्षी ३-जीचा लिलाव नुकता झाला होता आणि खाजगी कंपन्यांचं ३-जी यायला वर्ष संपत आलं, तेही आधी मोठ्या शहरांत. फोनच्या पोटात सेकंदाला १० मेगाबिट घेण्याची ताकद, आणि गावात मिळायचं ते रडतखडत चालणारं २-जीचं एज. दरपत्रकाची पीडीएफ उतरेपर्यंत जळगावला जाऊन कागद आणता आला असता. शिवाय मेल पाठवणार कोणाला? केळीचा सौदा फोनवर बोलून होतो आणि पैशाचा विषय समोरासमोर.

नकाशाचं तसं नव्हतं. २१ जानेवारी २०१० ला नोकियाने आपल्या ओवी नकाशांवरचं वाटदर्शन, पायी आणि गाडीनेही, फुकट केलं. पहिल्या दहा फोनांच्या यादीत ई-७२ होता. तोवर अशा सेवेला वर्गणी पडायची. कंपनीला ते परवडलं, कारण नकाशे बनवणारी नॅव्हटेक ही अमेरिकी कंपनीच तिने ८ अब्ज डॉलरच्या वर मोजून २००८ मध्ये विकत घेतली होती. आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच होती. नकाशा जळगावच्या एखाद्या संगणकावरून एकदाच मेमरी कार्डात भरून घ्यायचा, मग वाटेत रेंज असो-नसो, फोन रस्ता सांगत राहायचा. आजचे फोन नकाशा आयत्या वेळी इंटरनेटवरून ओढतात. तो आधीच उतरवून ठेवायची सोय त्यांतही आहे, पण रेंज जाईपर्यंत तिची कोणाला आठवण होत नाही.

जीपीएसला पैसे पडतात, बॅलन्स कटतो, हा समज तेव्हा पक्का होता. खरं तर फोन उपग्रहाला काहीच पाठवत नाही, नुसता ऐकतो. प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सांगत असतो. चार उपग्रहांचं ऐकू आलं की संदेश पोचायला लागलेल्या वेळेच्या फरकावरून फोन स्वतःची जागा काढतो. मात्र उपग्रहाचं बोलणं फार संथ, सेकंदाला फक्त ५० बिट. एकाच उपग्रहाची कक्षेची माहिती पुरी व्हायला अर्धा मिनिट, आणि सगळ्या उपग्रहांचं पंचांग ऐकायला साडेबारा मिनिटं. म्हणून नवा फोन अंगणात धरून माणसं आभाळाकडे बघत उभी राहायची. रेंज असेल तर हीच माहिती फोन मोबाइल कंपनीच्या जाळ्यातून मागवून घेई आणि काम लवकर उरके. एवढ्यापुरता मात्र बॅलन्स कटायचा, तेव्हा तो समज अगदीच वेडेपणाचा नव्हता.

पण खांदेशातल्या माणसाला रस्ता दाखवायची गरज कितीशी? धुळे-जळगाव-भुसावळ हा महामार्ग पोरालाही पाठ. गावातल्या गल्ल्या नकाशात नव्हत्या आणि वावराला पत्ता नसतोच. लोकांनी धरून ठेवला तो फोनच्या कोपऱ्यात दडलेला ‘जीपीएस डेटा’ नावाचा कोरडा कार्यक्रम. त्यात नकाशा नाही, बाई बोलत नाही. तुम्ही कुठे आहात ते अंशांत (असोद्याच्या शिवारात उत्तर अक्षांश २१ च्या आगेमागे) आणि चाललात किती ते मीटरात, एवढंच. विहिरीपासून खालच्या तुकड्यापर्यंत पाइपलाइन न्यायची आहे, वीस फुटी पाइप किती लागतील? फोन खिशात घालून बांधाबांधाने चालत जायचं. आकडा पाच-दहा मीटरने इकडेतिकडे व्हायचा, पण दुकानदाराने अंदाजाने सांगितलेल्या आकड्यापेक्षा बरा. हीच करामत बांधाच्या भांडणात वापरणारेही निघाले. तिथे मात्र चार-पाच मीटरची चूक म्हणजे केळीच्या दोन-तीन ओळी, आणि तेवढ्यावर भावकी कोर्टात जाते. मोजणी भूमी अभिलेखवाल्यांचीच चालते, हे फोनधारकांना लवकरच कळलं.

आणि मग रात्र. शेतीच्या पंपाला वीज दिवसा आठ तास नाहीतर रात्री दहा तास, आळीपाळीने, असा तो काळ. रात्रीची पाळी आली की बाराच्या सुमाराला उठून वावर गाठायचं, मोटार सुरू करायची आणि भरीताच्या वांग्यांना नाहीतर केळीला पाणी फिरवायचं. इथे या साहेबी फोनने आपली खरी किंमत वसूल केली. फोन बंद करून झोपलं तरी गजर वेळेवर वाजायचा. १५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी एवढ्याशा पडद्याला दोन-तीन दिवस पुरायची, त्यामुळे गावात संध्याकाळपासून लाइट नसली तरी फोन जिवंत. आणि स्पेसबार जरा वेळ दाबून धरला की मागच्या कॅमेऱ्याचा फ्लॅश टॉर्चसारखा पेटून राहायचा. कुलूप, मेनू, काही नाही. एका हातात खोरं असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने अंधारात चाचपून सापडणारी तीच एक लांब कळ. विंचूकाट्याच्या दिवसांत विहिरीपर्यंतच्या पायवाटेवर याचं मोल ज्याला ठाऊक, त्याला पाच मेगापिक्सेलचा तो कॅमेरा फोटो काढायला दिलाय असं वाटेचना.

मोटार सुरू करायला मुळात जावं तरी का लागावं, हा प्रश्न पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी आधीच हाती घेतला होता. त्यांचं ‘नॅनो गणेश’ हे यंत्र स्टार्टरला जोडलं की घरच्या मोबाइलवरून पंप चालू-बंद करता येतो, वीज आहे की नाही तेही कळतं. २००९ मध्ये, म्हणजे ई-७२ जाहीर झाला त्याच वर्षी, नोकियानेच भरवलेल्या नवकल्पनांच्या स्पर्धेत त्याला विकसनशील देशांच्या गटातलं पहिलं बक्षीस मिळालं. त्याला पलीकडच्या टोकाला कुठलाही साधा फोन चालायचा, कीबोर्डवाला लागायचा नाही. मला यात कंपनीचं मोठंच आंधळेपण दिसतं. आपल्या फोनांचं शेतात काय होतंय ते तिने व्यासपीठावर बोलावून पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा बैठकीच्या खोलीसाठी फोन आखायला घेतले.

बैठकीच्या खोलीनेही तिला फार दिवस साथ दिली नाही. माणसाला आता लिहिण्यापेक्षा बघायचं होतं, आणि बघायचं म्हटलं की कीबोर्डाची अर्धी जागा पडद्याला हवी. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी करून आपली सिंबियन प्रणाली सोडायचं ठरवलं, एप्रिल २०१४ मध्ये फोनचा धंदाच त्यांच्या ताब्यात गेला, आणि त्याच नोव्हेंबरात तमिळनाडूतला श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला. ई-७२ वर व्हॉट्सअॅप ३० जून २०१७ पर्यंत चाललं. माझ्या माहितीतल्या बऱ्याच जणांनी त्या पावसाळ्यातच काचेचा फोन घेतला, कारण बाजारभावाचे निरोप आता तिथेच येत होते.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये परवा सहज विचारलं.

“भाऊ, बीपी-४एल आहे का?”

“ओरिजिनल नाही मिळणार, काका. दुसरी देतो. ई-सिरीज का? चालू आहे अजून?”

चालू आहे. ही एकच बॅटरी ई-६३, ई-७१, ई-७२ आणि आणखी काही फोनांना बसते, म्हणून तिच्या नकला अजून सुटत नाहीत. आजचं टिकलीएवढं सिम बसवायला प्लॅस्टिकची चौकट लागते, आणि सिम जिओचं चालत नाही, कारण त्यांचं २-जी जाळंच नाही. एअरटेल किंवा व्हीआयचं घातलं तर बोलणं होतं. मेलची पेटी उघडत नाही, जुन्या कुलपांना नवे सर्व्हर दाद देत नाहीत. कार्डातल्या नकाशात महामार्ग अजून सहा नंबरचाच आहे. तो ५३ झाल्याचं, पाळधीहून तरसोदकडे बाहेरून वळण काढल्याचं त्याला ठाऊक नाही. अंश मात्र अचूक सांगतो, फक्त पहिल्यांदा आभाळाखाली धरून थोडं थांबावं लागतं.