पाण्यातील विष आणि जलचरांचे आरोग्य

विंध्य पर्वतराजीत महूजवळ उगम पावणारी चंबळ नदी मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांतून सुमारे ९६० किलोमीटरचा प्रवास करून यमुनेला मिळते. उत्तर भारतातील मोठ्या नद्यांमध्ये तिचे पाणी तुलनेने स्वच्छ मानले जाते. लांब, निमुळत्या जबड्याची आणि प्रायः मासळीवर जगणारी सुसर आज मुख्यत्वे या नदीच्या आश्रयाने टिकून आहे. प्रौढ नराच्या नाकाशी मडक्यासारखा उंचवटा असतो, म्हणून हिंदी भाषक प्रदेशात या प्राण्याला घडियाल म्हणतात. कातड्यासाठी होणारी शिकार, अंड्यांची लूट आणि मासेमारीची जाळी यांमुळे सुसर नामशेष होण्याच्या बेतात आली, तेव्हा १९७५ मध्ये भारत सरकारने मगर संवर्धन प्रकल्प हाती घेतला. वाळूतील अंडी गोळा करावयाची, ती सुरक्षित जागी उबवावयाची आणि वाढलेली पिल्ले पुन्हा नदीत सोडावयाची, असा तो उपक्रम होता. चंबळचे पात्रही अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आले.

या सुरक्षित मानलेल्या पात्रात डिसेंबर २००७ पासून सुसरींची प्रेते आढळू लागली. मार्च २००८ पर्यंत शंभराहून अधिक सुसरी मृत्युमुखी पडल्या. त्यांतील बहुसंख्य प्रेते उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्याच्या बाजूला, म्हणजे नदीच्या खालच्या टप्प्यात सापडली. त्या सुमारास जगातील प्रजोत्पादनक्षम सुसरींची संख्या दोनशेहूनही कमी असल्याचा अंदाज होता. हे लक्षात घेतले म्हणजे या हानीची कल्पना येईल. प्रेतांवर गोळीची वा जाळ्याची खूण नव्हती. शवविच्छेदन केले तेव्हा मूत्रपिंडे निकामी झालेली दिसली, आणि सांध्यांवर व अंतर्गत अवयवांवर युरिक आम्लाचे खडूसारखे पांढरे थर साचलेले आढळले. रोगाचे नाव कळले, तो गाऊट होता. परंतु एकाच हिवाळ्यात, नदीच्या एकाच टप्प्यात, इतक्या सुसरींना तो का व्हावा? या प्रश्नाचा विचार करावयाचा तर प्रदूषक द्रव्ये जलचरांच्या शरीरात कोणत्या वाटांनी शिरतात आणि तेथे काय करतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

यांतील सर्वांत परिचित वाट म्हणजे श्वासाची. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो; ३० अंशांवर हे प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते. नदीत सांडपाणी सोडले म्हणजे त्यातील सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करणारे जीवाणू हाच प्राणवायू वापरू लागतात. उन्हाळ्यात पाणी कमी आणि उष्ण असते, तेव्हा हा साठा लवकर संपतो आणि मासे गुदमरून मरतात. अशा वेळी काठावर पांढऱ्या पोटांचा खच पडतो आणि दुर्गंधी सुटते. काय घडले ते कोणालाही दिसते. पाऊस पडून पाणी वाहते झाले की नदी पुष्कळदा पूर्ववत होते.

दुसऱ्या प्रकारची हानी मात्र अशी उघड्यावर येत नाही. पाणी नितळ असते, त्यात प्राणवायू भरपूर असतो, आणि तपासणीत विषाचा मागमूसही लागत नाही. तरीही जीव आजारी पडतात. या प्रकाराचे अत्यंत बोधप्रद उदाहरण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात क्लिअर लेक नावाच्या सरोवरावर घडले. तेथे चिलटांसारख्या एका कीटकाचा उपद्रव होता. तो चावत नसे. परंतु त्याच्या थव्यांमुळे काठावर राहणारे आणि सहलीला येणारे लोक त्रस्त होत. म्हणून १९४९ मध्ये सरोवरात डीडीडी हे कीटकनाशक सोडण्यात आले. डीडीटीचाच हा भाऊबंद माशांना कमी घातक समजला जाई. काळजीही पुरेशी घेतली गेली. पाण्याच्या ७ कोटी भागांत औषधाचा १ भाग, इतके ते प्रमाण अल्प होते. कीटक पुन्हा वाढले, तेव्हा १९५४ आणि १९५७ मध्ये ५ कोटी भागांत १ भाग या प्रमाणात फवारणी झाली.

१९५४ च्या हिवाळ्यात सरोवरावरील ‘वेस्टर्न ग्रेब’ हे पक्षी मरू लागले. आपल्याकडील तळ्यांवर दिसणाऱ्या टिबुकलीच्या कुळातील, मात्र तिच्याहून पुष्कळ मोठा असा हा मासेखाऊ पक्षी आहे. संसर्गजन्य रोगाचा शोध घेण्यात आला. तो सापडला नाही. पुढे १९५७ मध्ये मृत पक्ष्यांच्या चरबीची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा तीत दर दहा लाख भागांत १,६०० भाग डीडीडी आढळले. पाण्यात सोडलेले प्रमाण दहा लाख भागांत ०.०२ भाग इतकेच होते. म्हणजे पक्ष्याच्या चरबीत विष ऐंशी हजार पट झाले होते. अखेरच्या फवारणीनंतर थोड्याच काळात सरोवराच्या पाण्यात डीडीडीचा अंशही सापडेना. परंतु ते नाहीसे झाले नव्हते. ते सरोवरातील जीवांच्या शरीरात मुक्कामाला गेले होते.

हे कसे घडले? डीडीडीसारखी द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, पण चरबीत सहज विरघळतात, आणि त्यांचे विघटन अतिशय मंद गतीने होते. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लवकांनी ती प्रथम टिपून घेतली. त्यांच्या शरीरात दहा लाख भागांत सुमारे ५ भाग विष सापडले. एक लहान मासा आयुष्यात अगणित प्लवक खातो. अन्नातील ऊर्जा तो वापरून टाकतो, टाकाऊ भाग उत्सर्जित करतो. विष मात्र चरबीत शिल्लक राहते. असे अनेक लहान मासे एक मोठा मासा खातो आणि अनेक मासे पक्षी खातो. प्रत्येक पायरीवर खाणाऱ्यांची संख्या घटते आणि विषाची साठवण वाढते. हिशेबाच्या वहीत दरमहा थोडी थोडी जमा होत जावी आणि खर्च कधीच पडू नये, तसा हा प्रकार आहे. पक्षी धडधाकट असतो तोवर चरबीतील विष तेथेच स्वस्थ पडून राहते. कडक थंडीत वा उपासमारीत शरीर आपली चरबी वापरू लागले की ते रक्तात उतरते. म्हणूनच विष घेण्याची वेळ आणि मरण्याची वेळ यांत महिन्यांचे, कधी वर्षांचे अंतर पडते.

जे पक्षी वाचले त्यांची कथाही शोचनीय होती. फवारणीपूर्वी या सरोवरावर ग्रेब पक्ष्यांच्या हजाराहून अधिक जोड्या घरटी करीत. १९६० च्या सुमारास तीसेक जोड्या उरल्या, आणि त्यांच्या घरट्यांतून पिल्ले बाहेर पडलेली दिसेनात. जीव जगतो, पण वंश चालत नाही, हा प्रदूषणाचा फार खोलवर जाणारा परिणाम आहे.

या परिणामाला किती अल्प मात्रा पुरते, हे युरोपच्या किनाऱ्यावरील एका शंखगोगलगाईने दाखवून दिले. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिन हे कथिलयुक्त द्रव्य रंगात मिसळले जाई. रंगातून ते हळूहळू पाण्यात उतरे. ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यावर आढळणाऱ्या डॉगव्हेल्क या गोगलगाईच्या माद्यांच्या शरीरात त्यामुळे नराचे अवयव वाढू लागले. एक लिटर पाण्यात एक अब्जांश ग्रॅम, इतक्या मात्रेनेही हा बिघाड सुरू होत असे. प्रमाण वाढले की या अवयवांच्या वाढीने अंडी बाहेर पडण्याचा मार्ग बंद होई आणि मादी वांझ ठरे. बंदरांजवळच्या अनेक किनाऱ्यांवरून ही गोगलगाय नाहीशी झाली. येथे विषाने कोणताही अवयव जाळला वा कुजवला नव्हता. शरीरातील संप्रेरकांची भाषा त्याने बिघडवली होती, आणि शरीर त्या चुकीच्या आज्ञा पाळीत गेले.

प्रदूषक द्रव्ये करीत असलेली तिसरी हानी रोगप्रतिकारशक्तीची होय. १९८८ मध्ये युरोपच्या उत्तर समुद्रात विषाणूजन्य साथीने हजारो सील दगावले. साथ विषाणूची होती, याविषयी शंका नव्हती. परंतु ती इतकी उग्र का झाली, हा प्रश्न होता. नेदरलँड्समधील संशोधकांनी सीलचे दोन गट पाळले. एका गटाला तुलनेने स्वच्छ अटलांटिक महासागरातील हेरिंग मासळी दिली, तर दुसऱ्याला प्रदूषित बाल्टिक समुद्रातील. दोन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या प्रयोगात बाल्टिकची मासळी खाणाऱ्या सीलांच्या रक्तातील संरक्षक पेशींचे कार्य मंदावलेले आढळले. वरवर पाहता ते सील निरोगीच होते. प्रदूषणाने त्यांना आजारी पाडले नव्हते, तर आजाराशी लढण्याचे त्यांचे बळ काढून घेतले होते. अशा प्राण्याच्या मृत्यूची नोंद रोगाच्या नावावर होते आणि खरे कारण नोंदीबाहेर राहते.

आपल्या गंगेतील डॉल्फिन या बाबतीत निश्चिंत नाही. २००९ मध्ये ज्याला राष्ट्रीय जलचराचा मान मिळाला, त्या या जवळजवळ आंधळ्या सस्तन प्राण्याच्या चरबीत डीडीटी आणि विद्युत्-यंत्रसामग्रीत वापरली जाणारी पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल द्रव्ये असल्याचे १९९० नंतरच्या दशकातील तपासण्यांत दिसून आले. सस्तन प्राण्यांत ही साठवण एका पिढीपुरती मर्यादित राहत नाही. पिलासाठी मादी आपल्या चरबीचे दूध करते आणि त्या दुधावाटे वर्षानुवर्षे साठलेल्या विषाचा वाटा पिलाकडे जातो. ज्याने एकही मासा खाल्लेला नाही, अशा पिलाच्या शरीरातही विष शिरते ते असे.

आता पुन्हा चंबळकडे वळू. सुसर ही नदीच्या अन्नसाखळीत ग्रेब पक्ष्याच्याच स्थानी, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवर आहे. तिच्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्याचा काही भाग युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो. मूत्रपिंडे दुबळी झाली की हे आम्ल रक्तात साठते, स्फटिकरूप घेते आणि अवयवांवर बसते. सुसर शीतरक्ताची असल्यामुळे थंडीत तिच्या शरीराचे सर्वच व्यापार मंदावतात. ज्या मूत्रपिंडांना आधीच इजा झाली आहे, त्यांच्यावर हिवाळ्याचा भार असह्य होणे स्वाभाविक आहे. मृत्यू नदीच्या खालच्या टप्प्यात, यमुनेच्या संगमाकडील बाजूस झाले, ही गोष्टही सूचक होती. दिल्ली आणि आग्रा यांसारख्या शहरांचे सांडपाणी वाहून आणणाऱ्या यमुनेतील मासे संगमातून चंबळमध्ये येतात. या माशांवाटे मूत्रपिंडाला घातक असे विष सुसरींच्या पोटात गेले असावे, हा निष्कर्ष तपास करणाऱ्या अनेक तज्ज्ञांना सर्वाधिक संभाव्य वाटला. ते विष नेमके कोणते, हे मात्र निर्विवादपणे सिद्ध करता आले नाही. प्रेते हाती येईपर्यंत विष शरीरातून निघून गेलेले असू शकते. मागे राहते ती त्याने केलेली इजा.

या घटनेतून निघणारा बोध स्पष्ट आहे. अभयारण्याची सीमा शिकाऱ्याला अडवू शकते, माशाला अडवू शकत नाही. स्वच्छ नदीचे आरोग्य तिला मिळणाऱ्या अस्वच्छ नदीपासून वेगळे ठेवता येत नाही. त्याचप्रमाणे, पाण्याचा नमुना बाटलीत भरून त्यातील विष मोजणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. क्लिअर लेकचे पाणी निर्दोष ठरत होते, त्या वेळीही तेथील पक्षी मरत होते. नदीची प्रकृती खऱ्या अर्थाने जाणून घ्यावयाची तर तळाच्या गाळाची, माशांच्या चरबीची, पक्ष्यांच्या आणि सुसरींच्या अंड्यांची वेळोवेळी तपासणी झाली पाहिजे, आणि ती प्राणी मरू लागण्यापूर्वी झाली पाहिजे.

असे प्रयत्न निष्फळ ठरत नाहीत. ट्रायब्युटिलटिनयुक्त रंगांवर फ्रान्सने १९८२ मध्ये आणि ब्रिटनने १९८७ मध्ये लहान नौकांपुरती बंदी घातली. पुढे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार होऊन तो २००८ मध्ये अंमलात आला. त्यानंतर ब्रिटनच्या अनेक किनाऱ्यांवर डॉगव्हेल्क पुन्हा दिसू लागली. ती सावकाश परतली, कारण तिची पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत न जाता जन्मस्थानाजवळच वाढतात. चंबळमधील सुसरींची संख्याही २००८ नंतर पुन्हा वाढली आहे. तथापि चंबळ आजही यमुनेलाच मिळते आणि संगमातील मासे आजही दोन्ही नद्यांत ये-जा करतात. म्हणून सुसरीच्या रक्षणाचा विचार चंबळच्या काठावर थांबून चालणार नाही. तो दिल्ली-आग्र्याच्या गटारांच्या तोंडापर्यंत नेला पाहिजे.