नेपाळी वर्गमित्रापेक्षा कमी कर

रिचर्डसन (टेक्सस), मार्च

अमेरिकेत करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं आणि रिटर्न भरायची शेवटची तारीख असते १५ एप्रिल. ऑगस्टात उतरलेल्या पोराची पहिली परीक्षा आटोपते न आटोपते तोच हे काम उभं राहतं. डॉलरही कमावला नसला तरी ८८४३ क्रमांकाचा फॉर्म पाठवावाच लागतो. त्याला मुदत १५ जूनची.

या फॉर्ममागचं तर्कशास्त्र गमतीचं आहे. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी इथे वर्षभर राहिला, भाडं भरलं, गाडी घेतली, तरी करखात्याच्या हिशेबी पहिली पाच कॅलेंडर वर्षं तो अनिवासीच. ३१ डिसेंबरला विमानातून उतरलात, तर त्या एका दिवसाचं अख्खं वर्ष धरलं जातं. अनिवासी माणसाला स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. इथे मात्र आपली पोरं नशीबवान. भारत आणि अमेरिका यांच्यात १९८९ साली झालेल्या करकराराच्या २१व्या कलमाने भारतीय विद्यार्थ्याला ही वजावट दिली आहे. २०२४ साठी ती १४,६०० डॉलर होती. वर्षाला १८,००० डॉलर पगार घेणाऱ्या आपल्या टीचिंग असिस्टंटला त्या वर्षी केंद्राचा कर सुमारे ३४० डॉलर बसला. त्याच खोलीत, त्याच पगारावर बसणाऱ्या नेपाळी मुलाला सुमारे १,९३०, कारण नेपाळचा असा करारच नाही. चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्या करारानुसार ५,००० डॉलरची सूट आहे. एका वर्गातली तीन पोरं, तीन वेगळे हिशेब! दिल्लीत कोणा मुत्सद्द्याने हे कलम पदरात पाडून घेतलं असेल, त्याला इथल्या मेसमध्ये एक जेवण द्यायला हरकत नाही.

गोंधळ होतो तो फॉर्म निवडताना. अनिवासींचा फॉर्म १०४०-एनआर. पण बाजारातली बरीचशी लोकप्रिय सॉफ्टवेअर अमेरिकनांसाठीचा साधा १०४० भरून देतात. त्यात शिक्षणखर्चाची सवलत दिसते, रिफंडचा आकडा फुगतो आणि रूममेट म्हणतो, ‘अरे, मला एवढे मिळाले, तूही तेच वापर.’ ती सवलत अनिवासींसाठी नाही. वेळीच ध्यानात आलं तर दुरुस्तीचं रिटर्न भरता येतं; नाही आलं, तर पुढे ग्रीन कार्डच्या वेळी जुने कागद उकरायची पाळी येते.

पगारपत्रकही नीट वाचावं. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरची मिळून ७.६५ टक्के कपात या पाच वर्षांत विद्यार्थ्याला लागू नाही, डिग्रीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, नोकरी करतानाही नाही. ८०,००० डॉलर पगारावर ही रक्कम ६,१२० डॉलर होते. कंपनीच्या पगार विभागाला हे ठाऊक असेलच असं नाही. कापली गेली तर आधी कंपनीकडे मागायची. तिने हात वर केले तर ८४३ क्रमांकाचा फॉर्म भरून थेट करखात्याकडे.

टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, तेवढी एक कटकट वाचते. कॅलिफोर्नियात तो आहे, आणि ते राज्य केंद्राचे करकरार मानत नाही.

मोबाइलवर शेअर घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. बँकेतल्या ठेवीच्या व्याजावर अनिवासी विद्यार्थ्याला कर नाही. पण वर्षात १८३ दिवस इथे काढले असतील, तर अमेरिकन शेअरच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि तिथे १९८९ चा करार मदतीला येत नाही.