निराधारचा पगार आणि बॅरिस्टर अंतुले

परंडा असो की नळदुर्ग, आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात 'निराधारचा पगार' म्हटलं की सांगावं लागत नाही. उत्पन्नाचा दाखला, तहसीलच्या चकरा, मग बँकेत बहुतेकांना महिना १५०० रुपये. ही संजय गांधी निराधार योजना १९८० मध्ये सुरू झाली ती अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना. घरातल्या बेवा खालाला हे ठाऊक नसतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या पोरांनाही नसतं.

अंतुले साहेब रायगडच्या म्हसळा तालुक्यातल्या आंबेत गावचे, जन्म १९२९. विलायतेत बॅरिस्टर झाले, १९६२ मध्ये आमदार, पुढे राज्यात मंत्री. जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राच्या त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले आणि आजवरचे एकमेव मुसलमान. कुलाब्याचं नाव रायगड त्यांनीच केलं, जालना आणि सिंधुदुर्ग हे जिल्हेही त्यांच्याच काळात झाले.

पण खुर्ची दीड वर्षात गेली. सिमेंटचे परवाने देताना ट्रस्टसाठी देणग्या घेतल्याचा ठपका मुंबई हायकोर्टाने ठेवला आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. आपला माणूस म्हणून हे झाकायचं कारण नाही. खटला बरीच वर्षं चालला. त्यात १९८८ साली सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी आपल्याच कोर्टाचा आधीचा आदेश चुकीचा ठरवला. एलएलबी करणारी मुलं तो निकाल आजही वाचतात.

२००६ मध्ये केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय नवं निघालं, त्याचे पहिले मंत्री अंतुलेच. त्याच वर्षी सच्चर समितीचा अहवाल आला आणि २००८ मध्ये शाळेच्या मुलांसाठी प्री-मॅट्रिक स्कॉलरशिप सुरू झाली. तेव्हा अल्पसंख्याकबहुल म्हणून ९० जिल्हे निवडले. महाराष्ट्रातून परभणी, हिंगोली, वाशीम, बुलढाणा आले, आपला जिल्हा राहिला. स्कॉलरशिप मात्र सगळ्यांना होती. उमरग्याच्या पोरींनाही, कळंबच्या पोरांनाही.

२०२२ मध्ये ती पहिली ते आठवीला बंद झाली, नववी-दहावीपुरतीच ठेवली गेली. स्कॉलरशिप कुठलीही असो, आधार, बँक खातं आणि उत्पन्नाचा दाखला आधीच तयार ठेवा, शेवटच्या तारखेला सायबर कॅफेत पळू नका.

अंतुले साहेब २००९ ची लोकसभा हरले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचा इंतकाल झाला. दफन आंबेतलाच झाली.